हरण्या नेमका कुठे होता? एका व्हॉइस मेसेजचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, एका गावात केळी उत्पादकांचा गट आहे. गाव, गट आणि माणसं यांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. गटात चाळीसच्या आसपास शेतकरी. रावेर-यावलचा हा पट्टा मृगबागेचा, म्हणजे लागवड जून-जुलैत. त्या वर्षी गटाने टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं पहिल्यांदाच एकत्र बुक केली होती. एकरी सतराशे-अठराशे रोपं लागतात. सगळ्यांची मागणी एकत्र केल्याने भाव बरा मिळाला आणि निम्मी रक्कम आगाऊ भरली गेली. रोपं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उतरणार होती. मी त्या काळात या गटाच्या कामात सल्ल्यापुरता होतो, म्हणून पुढचं बरंचसं जवळून पाहिलं.

केळीवाल्यांना हरण्या सांगावा लागत नाही, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे येतात, पान आखडतं, पोंगा (शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो, झाड खुजं राहतं. घड पडला तरी विकण्याजोगा नसतो. याला औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करायचं, एवढंच हातात राहतं. रोग पसरवतो मावा, पानातला रस शोषणारी बारीक कीड. रोगट पानात त्याने क्षणभर सोंड खुपसली तरी विषाणू लागतो आणि पुढच्या झाडावर बसताच उतरतो. त्यामुळे फवारणीने मावा मरेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं. काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो यांच्यावर हा विषाणू राहतो. शिवाय रोगट झाडाच्या कंदातूनही तो पुढच्या बागेत जातो. ही कंदाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच आडवी आली.

अडचण

गटाच्या व्हॉट्सअॅपवर महिनाभराच्या अंतराने दोन निरोप आले. दोन्ही हरण्याबद्दलच होते आणि दोन्ही वाईटच बातमी सांगत होते.

पहिला मे महिन्यात, गटाच्या सचिवांनी लिहिलेला: ‘जुलै-ऑगस्टमध्ये ढगाळ हवामान व रिमझिम पाऊस राहिल्यास मावा वाढून केळीवर सीएमव्हीचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता असते. तरी बागेत व बागेलगत काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो घेणे टाळावे.’ मजकूर चोख होता, एकही शब्द चुकीचा नव्हता. त्यावर दोन अंगठे आले आणि निरोप लग्नपत्रिकांच्या खाली गेला. गावात जवळजवळ प्रत्येक बांधावर गिलक्याचे वेल होते, तेही काकडीवर्गीयच, ते तसेच राहिले.

दुसरा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुढे ढकलत आलेला व्हॉइस मेसेज. आवाज कोणाचा ते कोणालाच माहीत नव्हतं, पण बोली आपल्याकडचीच होती: ‘ऐका भो, आपल्याकडे जी रोपं येऊ राह्यली ना, त्याच्यात हरण्या निघाला. शेजारच्या गावात दोन एकर बाग उपटून बांधावर फेकली. ज्यानं बुकिंग केलं असंन त्यानं पाहून घ्या, मंग बोंबलू नका.’

संध्याकाळपर्यंत तो प्रत्येकाने ऐकला होता, काहींनी तीन-तीन ग्रुपांवरून. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर बुकिंग रद्द करायची भाषा सुरू झाली. आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल, म्हणणारेही होते. रोपांऐवजी लावायचं काय? तर गावातल्याच जुन्या बागांतले कंद. म्हणजे हरण्याला भिऊन लोक अशा बेण्याकडे निघाले होते, ज्याची तपासणी कोणीच करत नाही आणि ज्यातून हरण्या हमखास पुढे जाऊ शकतो.

दोन निरोपांपैकी खरा होता तो कोणी मनावर घेतला नाही आणि ज्याची शहानिशा झालेली नव्हती त्यावर अख्खा गट हलला. याला ‘लोक अडाणी’ म्हणून मोकळं होता येत नाही. या गटात कृषी पदवीधर आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, बऱ्हाणपूरच्या लिलावाचा अंदाज मोबाईलवर पाहून घड कापायचा दिवस ठरवणारी मुरलेली माणसं आहेत. व्हॉइस मेसेजवर सगळ्यात आधी विश्वास याच माणसांनी ठेवला.

थोडं मानसशास्त्र

बेंजामिन हिल्बिग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने २००९ साली दाखवून दिलं की एकच आकडेवारी नकारात्मक बाजूने मांडली तर लोकांना ती जास्त खरी वाटते. इतके टक्के प्रयत्न फसतात, हे वाक्य घ्या. उरलेले टक्के यशस्वी होतात, हे दुसरं घ्या. गणित दोन्हींचं एकच आहे, तरी पहिल्यावर विश्वास अधिक बसतो. याच्या जोडीला याकोव्ह ट्रोप आणि निरा लिबरमन यांचं ‘मानसिक अंतरा’चं काम येतं. एखादी गोष्ट मनाला किती दूर वाटते हे चार बाजूंनी ठरतं: काळ, जागा, माणसांचं नातं आणि ती घडण्याची शक्यता. दूरच्या गोष्टीचा आपण ढोबळ विचार करतो, जवळच्या गोष्टीचा बारकाव्यांसकट. बासेल विद्यापीठातल्या मारिएला याफे आणि राइनर ग्राइफेनेडर यांनी २०२० साली या दोन्ही धाग्यांची गाठ मारली. नकारात्मक वाक्य जास्त खरं वाटण्याचा ओढा जवळच्या गोष्टींबाबत दिसतो, अंतर वाढलं की तो ओसरतो.

आता ते दोन निरोप पुन्हा वाचा. सचिवांचा निरोप चारही बाजूंनी लांबचा होता. काळ दोन महिन्यांनंतरचा, जागा कुठलीच नाही, माणूस कोणीच नाही आणि वर ‘शक्यता असते’. व्हॉइस मेसेज चारही बाजूंनी अंगावर येणारा. काळ आत्ताचा, जागा शेजारचं गाव, बोलणारा आपल्यातला आणि गोष्ट घडून गेलेली, दोन एकर उपटून फेकलेले. ठोस तपशिलाचं वाक्य खरं वाटतं हे योखिम हान्झेन आणि मिखाएला वेंके यांनी २०१० साली दाखवलं होतं, आणि पुन्हापुन्हा कानावर आलेलं वाक्य खरं वाटू लागतं हे तर १९७७ पासून माहीत आहे. तीन ग्रुपांवरून ऐकलेले ‘दोन एकर’ या सगळ्यात बसतात. हे अभ्यास प्रयोगशाळेतले आहेत. त्यांची केळीच्या गटाशी घातलेली सांगड माझी आहे.

खानदेशात हा विषय केळीपुरता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. ती अफवाही ‘आपल्याच भागात, आत्ता’ याच ठिकाणी उभी होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. केळीच्या रोपांची त्याच्याशी तुलना नाही. पण आमच्या बैठकीत ज्येष्ठांनी आवाज चढवणाऱ्या पोरांना जे गप्प केलं, त्यामागे ती आठवण होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय खंडन करण्याचा. रोपं निरोगी आहेत, अफवांवर विश्वास ठेवू नका, असा निरोप टाकायचा. सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात कुचकामी. ‘निरोगी आहेत’ हे गोड आणि ढोबळ वाक्य ‘दोन एकर उपटले’ यापुढे टिकत नाही. शिवाय ते खरं आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

दुसरा, बुकिंग रद्द करून कंद लावायचे. तिसरा, रोपांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे, म्हणजे रोपांची उचल लांबणीवर. मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला की पुढचं निसवणीचं (घड बाहेर पडण्याचं) आणि कापणीचं गणित हलतं, म्हणून या पर्यायाला किंमत होती. चौथा, अर्धी रोपं आणि अर्धे कंद. ऐकायला समजूतदार वाटतो, पण कंदातून रोग आला तर शेजारची रोपंही जातात. तो लवकरच मागे पडला.

पाचवा पर्याय कोणी मांडलाच नव्हता, तो एका नानांनी मांडला. बैठकीत सगळे बोलून दमल्यावर त्यांनी विचारलं, ‘शेजारचं गाव म्हणजे कोणतं? शेत कोणाचं? उपटली कधी?’ कोणाकडेच उत्तर नव्हतं. ‘मंग चला ना, पाहून येऊ.’

काय केलं

त्याआधी एक घोटाळा झाला, तो सांगायला हवा. गटाने रोपवाटिकेच्या प्रतिनिधीला बोलावून घेतलं होतं. माणूस प्रामाणिक होता, त्याने खरं तेच सांगितलं, ‘शंभरातली पाच रोपं दगावतातच, तेवढी आम्ही बदलून देतो.’ लागवडीनंतरची नेहमीची मर त्याच्या डोक्यात होती. ऊन, पाणी, वाहतुकीतले धक्के यांनी काही रोपं मरतात, त्यात नवं काही नाही. पण समोरच्यांच्या कानात हरण्या भरलेला होता. ‘म्हणजे हा कबूल करू राह्यला!’ मागून कोणीतरी बोललं आणि तिथून बैठक हातची गेली. बुकिंगच्या पावतीवर तीच गोष्ट ‘९५ टक्के रोपे जगण्याची हमी’ अशी छापलेली होती. मार्चमध्ये ती वाचून एकाही शेतकऱ्याने भुवई उंचावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाना, एक तरुण आणि सचिव मोटरसायकलींवर निघाले. व्हॉइस मेसेज कोणाकडून आला हे मागे मागे शोधत गेले. तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर आवाजाचा मालक सापडला नाही, पण बाग सापडली. उपटलेली बाग खरीच होती. फरक एवढाच की ती उपटली होती मागच्या ऑगस्टमध्ये. त्यात रोपं नव्हती, कंद होते. आणि बागेच्या एका अंगाला काकडी होती. शेतकऱ्याने काही लपवलं नाही. उलट तो म्हणाला की मी तर सगळ्यांना तेव्हाच सांगत होतो, कोणी ऐकलं नाही.

या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट मला हीच वाटते. अफवा कोणी हवेतून काढली नव्हती. खरी गोष्ट हातोहात फिरताना तिचं अंतर गळत गेलं. ‘मागच्या वर्षी’ गेलं, उरलं ‘निघाला’. ‘काकडीशेजारी’ गेलं. ‘त्याचे कंद’ची झाली ‘आपली रोपं’. प्रत्येक ऐकणाऱ्याने स्वतःला लागू पडेल तेवढं ठेवलं आणि बाकी सोडलं. खोटं बोलायचा हेतू कोणाचाच नसावा. गोष्ट दुरून जवळ आली, आणि ती जितकी जवळ आली तितकी खरी वाटत गेली.

तिघे परतल्यावर पुन्हा बैठक झाली. यावेळी ‘अफवा खोटी आहे’ असं कोणी म्हटलं नाही, हे मुद्दाम ठरवलं होतं. सांगितलं ते असं: हरण्या खरा आहे, तो अमुक ठिकाणी होता, मागच्या ऑगस्टमध्ये, कंदाच्या बागेत, काकडीच्या शेजारी. सचिवांनी येताना स्वतःच्याच बांधावरून गिलक्याचं पान तोडून आणलं होतं. उलटं करून ते हातोहात फिरवलं. पानाखाली मावा बुजबुजलेला. मे महिन्यातल्या निरोपातलं ‘काकडीवर्गीय पिके टाळावीत’ हे तेव्हा पहिल्यांदा समोर दिसलं.

मग नवाच पेच उभा राहिला. पुरुष मंडळी वेल उपटायला राजी झाली, कारण वेल त्यांचे नव्हतेच. बांधावरच्या गिलक्यांचा आठवडे बाजारातला पैसा घरच्या बायकांचा. त्यांना बैठकीला कोणी बोलावलंच नव्हतं. घरोघर निरोप गेल्यावर एका काकूंनी सचिवांना दारातच उभं केलं, ‘रोग तुमच्या केयीले, अन् वेल माह्या कावून उपटता?’ या प्रश्नाला गटाकडे उत्तर नव्हतं. बागेपासून लांब, घरामागे वेल लावता येतील असं सुचवलं गेलं. काहींना जमलं, काहींकडे जागाच नव्हती. थोड्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तपासणीसाठी रोपांच्या पानांचे नमुने पाठवले, उचल त्यामुळे पुढे गेली. अहवालात आलं: तपासलेल्या नमुन्यांत विषाणू आढळला नाही. सचिव ‘सगळी रोपं निरोगी’ असा निरोप टाकायला निघाले होते, त्यांना थांबवलं. अहवालाचा फोटो जसाच्या तसा गेला, सोबत किती नमुने कोणत्या तारखेला काढले ते. गटातले मुख्याध्यापक म्हणाले, ‘हे वाचून माझी शंका कमी झाली, संपली नाही.’ तेवढंच हवं होतं.

निकाल

बहुतेकांनी बुकिंग ठेवलं. पाच-सहा जणांनी रद्द करून कंद लावले. त्यातले दोघे असे की ‘तीस वर्षं कंदच लावतोय, काय झालं?’ यापुढे त्यांना काहीच पटणारं नव्हतं. हे वाक्य सकारात्मक आहे आणि अगदी जवळचं आहे, तरी पूर्ण विश्वासाचं. वरच्या संशोधनात ते नीट बसत नाही. स्वतःच्या हाताने केलेल्या कामावरचा भरवसा ही वेगळीच चीज असावी.

ऑगस्ट ढगाळ गेला आणि हरण्या आलाच. कंदांच्या दोन बागांत आला, रोपांच्याही काही बागांत आला. त्यातली एक मिरचीला लागून होती, दुसरीजवळ मात्र तसं काहीच नव्हतं. पानं रोज पाहणाऱ्यांनी पिवळा पट्टा दिसताच झाड उपटलं आणि त्यांचं नुकसान आवाक्यात राहिलं. कोणत्या गोष्टीने किती फरक पडला हे एवढ्याशा गटावरून ठरवता येत नाही. सगळं श्रेय पानाखालच्या माव्याला द्यायला मला आवडलं असतं, पण त्याला आधार नाही.

व्हॉइस मेसेजवर ठाम असलेल्यांनी मात्र ‘म्हटलं होतं ना!’ म्हणून घेतलं. लागवडीआधी तपासलेल्या नमुन्यांत विषाणू आढळला नव्हता आणि हरण्या ऑगस्टमध्ये आला, हा फरक डेअरीवरच्या गप्पांत फार वेळ टिकला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मेमधला निरोप लिहितानाच पहिलं वळण हुकलं. ‘जुलै-ऑगस्टमध्ये शक्यता’ याऐवजी ‘आज आपल्या बांधावरच्या गिलक्याचं पान उलटून पाहा, काय दिसतं ते फोटो काढून टाका’ असं लिहिता आलं असतं. इशारा तोच, फक्त दारात आणून ठेवलेला. पण यातला धोकाही नजरेआड करू नये. प्रत्येक इशारा इतका जवळ आणि इतका भीतिदायक करत गेलो तर महिन्याभरात लोक त्यालाही अंगठा दाखवून पुढे जातील. आणि हीच युक्ती तो व्हॉइस मेसेज बनवणारा नकळत वापरत होता. म्हणून माझं मत असं की ज्यावर माणूस त्याच दिवशी काही करू शकतो, असाच धोका जवळ आणावा.

दुसरं वळण पावतीचं. ‘९५ जगतात’ आणि ‘५ दगावतात’ ही दोन्ही वाक्यं मार्चमध्येच एकाखाली एक छापलेली असती, आणि रोपं मरण्याची कारणंही त्यात असती, तर जूनमध्ये प्रतिनिधीच्या तोंडून ‘पाच’ ऐकून कोणाला धक्का बसला नसता. पुढच्या हंगामाच्या पावतीत गटाने तसा बदल करून घेतला. रोपवाटिका आधी नाराज होती. ‘दगावतात’ हा शब्द छापल्याने गिऱ्हाईक जाईल अशी त्यांची भीती होती, आणि ती अगदीच निराधार नाही.

तिसरं, बाग पाहायला जायला दोन दिवस लागले. मेसेज आला त्याच संध्याकाळी ‘कोणतं गाव, कोणाचं शेत, कधी’ हे तीन प्रश्न ग्रुपवर पडले असते तर रद्द करायची भाषा इतकी पुढे गेली नसती. अर्थात, पहिल्या संध्याकाळी असं विचारणाऱ्याला गावात ‘रोपवाटिकेचा माणूस’ ठरवलं जातं. नानांना विचारता आलं, कारण त्यांचं स्वतःचं बुकिंग सगळ्यात मोठं होतं आणि बुडाले असते तर आधी तेच.

चौथं, वेलांचा निर्णय ज्यांचे वेल त्यांच्याशिवाय घेतला गेला. बांधावरच्या उत्पन्नाच्या बदल्यात गटाच्या निधीतून काही देता येईल का, हा विषय त्यानंतर दोन बैठकांत निघाला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला. पुढच्या मृगबागेच्या बैठकीला त्या काकूंना बोलावलं होतं. त्या आल्या आणि गिलक्याचा बाजारातला भाव कागदावर लिहून घेऊन आल्या. रकमेवर अजून एकमत झालेलं नाही.